कोरियन बॅरिटोन जर्मनीत कसा टिकतो? ऑपेरात यायचं म्हणणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

किम गी-हून ह्या कोरियन गायकाची कार्डिफच्या गायन स्पर्धेतली क्लिप फिरायला लागली तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक मला एकच विचारतात, हे कोरियन लोक ऑपेरात एवढे कसे काय, आणि आमच्या अमक्याचा आवाज खूप भरदार आहे तर त्याला जमेल का तिकडे. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधल्या पट्टीचा आवाज, त्याच्या वरचा तो टेनर आणि खालचा तो बास. कोरियन बॅरिटोनचाच रस्ता का सांगतेय, तर घरात कोणी ऑपेरा ऐकत नाही, भाषा युरोपातली नाही, विमानाचं तिकीट महाग, ह्या सगळ्या बाबतीत आपल्या सर्वात जवळचं उदाहरण तेच आहेत, इटालियन किंवा अमेरिकन गायकाची गोष्ट ऐकून आपल्याला काहीही उपयोग नाही.

मी स्वतः गात नाही. कोथरूडची, शाळेपासून पियानो, मग जर्मनीत शिकायला आले आणि आता एका मध्यम आकाराच्या सरकारी थिएटरात कोरेपेटिटर आहे. म्हणजे गायकांना रोल बसवून द्यायचे, रिहर्सलला ऑर्केस्ट्राच्या जागी पियानो वाजवायचा आणि ऑडिशनला जे कोणी येतील त्यांच्याबरोबर वाजवायचं. त्यामुळे स्टेजवर शेवटी कोण उभा राहिला हे तुम्हाला दिसतं, आणि त्या जागेसाठी आलेले बाकीचे सगळे मला दिसतात. त्यात कोरियन बॅरिटोन इतके असतात की आमच्या ऑफिसातली बाई नावांच्या यादीवर फोटो चिकटवून ठेवते, नाहीतर कुठला किम कुठला कळत नाही म्हणते.

आधी क्लिपचं बोलू. गी-हूनने २०२१ मधे बीबीसी कार्डिफ सिंगर ऑफ द वर्ल्डचं मुख्य बक्षीस घेतलं, कोरियाला ते पहिल्यांदाच मिळालं, आणि कोर्नगोल्डच्या 'डी टोटे श्टाट' ह्या ऑपेरामधलं पिएरोचं गाणं गाताना परीक्षक रॉबर्टा अलेक्झांडर रडल्या ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्याआधी तो २०१६ ते २०१९ हॅनोव्हरच्या ऑपेरात होता, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. २०१९ मधे चायकोव्स्की स्पर्धेत दुसरा, ऑपेरालिया ह्या स्पर्धेतही दुसरा, म्हणजे कार्डिफला उभा राहिला तेव्हा तो पक्का थिएटरात घासलेला माणूस होता. दुसरीकडे किम ते-हान, २०२३ मधे ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकला तेव्हा फक्त २२ वर्षांचा, शिक्षण सगळं कोरियातच झालेलं. आणि जिंकल्यावर काय केलं? बर्लिन श्टाट्सऑपेराच्या ऑपेरा स्टुडिओत जाऊन बसला, म्हणजे छोटे रोल, कोचिंग, कव्हर (मुख्य गायकाचा राखीव माणूस). जगातली इतकी मोठी स्पर्धा जिंकून माणूस शिकाऊ जागेवर जातो यावरून काय ते समजा.

जुन्या पिढीतले पण सांगते कारण ही लाट काल-परवाची नाहीये. बॅरिटोन चोई ह्यन-सू १९९० मधे मॉस्कोच्या चायकोव्स्की स्पर्धेत पुरुष गायकांमधे पहिला आला होता. बास फिलिप कांग ८० च्या दशकाच्या शेवटी बायरॉइटला, म्हणजे जर्मनीतल्या वाग्नर महोत्सवात, 'रिंग'मधे गात होता. क्वांगचुल यून, तोही बास, खेड्यातला मुलगा, टेक्निकल हायस्कूलमधे शिकलेला, आधी सोफियाला गेला मग बर्लिनला, १९९३ मधे पहिलीच ऑपेरालिया जिंकला आणि १९९४ पासून दहा वर्षं बर्लिन श्टाट्सऑपेराच्या पगारावर होता.

पण माझा सगळ्यात आवडता किस्सा सॅम्युएल यूनचा, हा बास-बॅरिटोन. जुलै २०१२, बायरॉइटला 'फ्लाइंग डचमन'चं नवीन प्रॉडक्शन, थीलेमान कंडक्टर. मुख्य रोल करणारा रशियन गायक येवगेनी निकितिन त्याच्या अंगावरच्या टॅटूंवरून वाद झाल्यामुळे प्रीमियरला जेमतेम चार दिवस राहिले असताना बाहेर पडला. २५ जुलैला डचमन म्हणून यून उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याचं नाव. लोक म्हणतात नशीब. अहो कसलं नशीब, तो १९९९ पासून कोलोनच्या ऑपेरात नोकरीला होता, बायरॉइटला २०१० पासून 'लोहेनग्रीन'मधे हेराल्डचा रोल करत होता जो लोकांच्या लक्षातही राहत नाही, आणि डचमनचा कव्हर म्हणून रोल तयार करून बसलेला होता. कव्हर म्हणजे मुख्य माणूस पडला तर उभं राहायचं, नाही पडला तर काहीच नाही, कुठे नावही येत नाही. तेरा वर्षं पगारी नोकरी केलेल्या माणसाला चार दिवसांत हे करता येतं, स्पर्धेतून थेट आलेल्याला नाही येत.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाहेरच्यांना स्पर्धा दिसते, पण कोरियन बॅरिटोनचं करिअर उभं राहतं ते कुठल्यातरी लाखभर वस्तीच्या गावातल्या थिएटरात, मंगळवारी संध्याकाळी अर्ध्या भरलेल्या हॉलसमोर, पाचवा रोल करता करता. खाली जे काही लिहिलंय ते तिथपर्यंत कसं पोचायचं त्याबद्दल आहे.

कोरियात सुरुवात कुठून होते तर बहुतेकांची चर्चमधून. तिथे चर्चमधली कॉयर ही गंमत म्हणून नसते, आठवड्याला रिहर्सल असते, चार आवाजांत गाणं असतं, कंडक्टर बऱ्याचदा प्रोफेशनल असतो, आणि मोठ्या चर्चमधे सोलो गायकांना मानधनही मिळतं. त्यामुळे मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना नोटेशन बघून आपली लाइन धरू शकतो, शेजारचा टेनर चुकला तरी. पुढे आर्ट्स हायस्कूल, मग सोलची नॅशनल युनिव्हर्सिटी, योन्सेई, हानयांग किंवा कोरिया नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आर्ट्स, आणि तिथे प्रवेशासाठी इतकी मारामारी की कॉलेजात शिरेपर्यंतच इटालियन आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्याने गायची गाणी, शेकडो वेळा गाऊन झालेल्या असतात. शिकवणारे प्रोफेसर स्वतः इटली-जर्मनीत राहून आलेले. म्हणजे युरोपात पाऊल ठेवायच्या आधीच टेक्निक बऱ्यापैकी तयार असतं, आणि हा फार मोठा फरक आहे, कारण जर्मन हॉखशूलंमधे, म्हणजे संगीत महाविद्यालयांत, आवाज शून्यापासून बांधून देतील अशी आशा ठेवून येणारे फसतात, तिथे आठवड्याला एक-दोन तास मुख्य लेसन असतो, बाकी तुमचं तुम्ही.

मग सैन्य. मुलग्यांना साधारण १८ महिने सक्तीची सैन्यसेवा आहे, आधी तर ती आणखी मोठी होती. गायकासाठी हे वय कसलं, विशीतलं, आवाज बसत असतानाचं. काही जण सैन्याच्या बँडमधे किंवा कॉयरमधे जागा मिळवतात, पण जागा थोड्या. सूट मिळते ती सरकारच्या यादीतल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला किंवा दुसरा नंबर आला तर. तेव्हा काही आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग आणि मग ३४ महिने आपल्याच क्षेत्रात काम, त्यात ५४४ तास समाजसेवा. बीटीएसच्या पोरांना ही सवलत नाही मिळाली, त्यावर तिकडे केवढा वाद झाला होता. तर कोरियन मुलगे स्पर्धांच्या इतके मागे का लागतात याचं एक अगदी रोखठोक कारण हे आहे, नुसती हौस किंवा शिस्त वगैरे नाही. आपल्याकडच्या मुलांना हे कारण नाहीये, त्यामुळे त्यांचं बघून वर्षभर फक्त स्पर्धांचे फॉर्म भरत बसू नका, प्रत्येक फॉर्मला फी असते, तिकीट असतं, हॉटेल असतं. वर्षात विचार करून एक-दोन पुरे. ज्या स्पर्धेच्या ज्युरीत थिएटरांचे कास्टिंग डायरेक्टर बसतात ती निवडा, ग्युटर्सलोहची नॉयं श्टिमन किंवा बेल्व्हेडेर ही तशी आहेत, तिथे फायनलला नाही पोचलात तरी ऐकणारे कान योग्य असतात.

सैन्य करून येणारा मुलगा युरोपात उतरतो तेव्हा २६-२७ चा असतो. हे वय ऐकून घाबरू नका, बॅरिटोनचा आवाज उशिरा पिकतो, व्हेर्दीचे मोठे रोल पस्तिशीच्या पुढे शोभतात. मात्र काही हॉखशूलंमधे आणि जवळपास सगळ्या ऑपेरा स्टुडिओंमधे वयाची अट असते, तिशीच्या आसपासची, ती प्रत्येक ठिकाणची आधी बघा.

जायचं कुठे? ८०-९० च्या दशकात कोरियन गायक आधी इटलीला जायचे, गायिका सुमी जो १९८३ मधे रोमच्या सांता चेचिलियाला गेली तेव्हापासून तर रांगच लागली. मिलानमधे अजूनही खूप आहेत आणि इटालियन गाणं शिकायला ती जागा उत्तमच आहे, पण नोकरी? इटलीत थिएटरं गायकांना वर्षाच्या पगारावर ठेवत नाहीत, एकेका प्रॉडक्शनपुरतं बोलावतात, आणि पैसे कधी येतील ते देवाला माहीत. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऑपेरा थिएटरं ऐंशीच्या आसपास आहेत आणि बहुतेकांकडे स्वतःचे पगारी सोलो गायक, स्वतःचा कोरस, स्वतःचा ऑर्केस्ट्रा. जगात दुसरीकडे कुठे हे ह्या प्रमाणात नाही. म्हणून इटलीत शिकून जर्मनीत नोकरी हा रस्ता कोरियन लोकांनी पाडला, सॅम्युएल यूनही मिलान करूनच कोलोनला आला. आता बरेच जण थेट जर्मनीतच येतात.

शिक्षणाचा खर्च. सरकारी हॉखशूलंमधे बहुतेक राज्यांत फी नाही, फक्त सेमिस्टरचं वर्गणीसारखं काहीशे युरो. बाडेन-व्युर्टेमबर्गमधे, म्हणजे श्टुटगार्ट, मानहाइम, कार्ल्सरूहे, फ्राइबुर्ग वगैरे, युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि हळूहळू आणखी काही ठिकाणी फी आलीय तेव्हा ज्या त्या संस्थेचं पान नीट वाचा. हिवाळी सेमिस्टरचे अर्ज बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिलमधे बंद होतात, आधी व्हिडिओवरून चाळणी, मग उन्हाळ्यात प्रत्यक्ष परीक्षा.

इथे एक गोष्ट कोरियन मित्रांकडून ऐकून तशीच करू नका, ती म्हणजे व्हिसा. कोरियन पासपोर्टवाला नुसता विमानात बसतो, जर्मनीत उतरतो आणि इथे येऊन परमिटचा अर्ज करतो, कायद्याने त्यांना परवानगी आहे. आपल्याला नाही. आपल्याला आधी भारतातून नॅशनल व्हिसा, त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो म्हणजे महिन्याला ९९२, वर एपीएस, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं सर्टिफिकेट. प्रवेश परीक्षेला टूरिस्ट शेंगेन व्हिसावर आलात आणि पास झालात तरी परत जाऊन व्हिसा काढून यावं लागतं, आणि तोपर्यंत सेमिस्टर सुरू झालेलं असतं. स्टुडंट अॅप्लिकंट म्हणून वेगळा व्हिसा असतो, परीक्षा द्यायच्या आहेत म्हणून तो मागा. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, कोरियन मुलं रविवारी चर्चमधे गातात, त्यांच्या स्वतःच्या चर्च जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात आहेत आणि घर, जुना पियानो, डॉक्टर, सगळं तिथूनच मिळतं. आपल्याकडे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती छान करतात, पण त्यातल्या कुणाला ऑडिशनचं काही ठाऊक नसतं. जर्मन चर्चमधे कॉयरला जोडून घ्या, धर्म कोणी विचारत नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे आवाज. बॅरिटोन हा पुरुषाचा सगळ्यात कॉमन आवाज, त्यामुळे गर्दी पण सगळ्यात जास्त. टेनर थोडा कच्चा असला तरी थिएटर सांभाळून घेतं, कारण टेनर मिळतच नाहीत. बॅरिटोनच्या एका जागेसाठी शेकड्याने अर्ज येतात. आणि जर्मनीत आवाजांची वर्गवारी फार काटेकोर, तिला फाख म्हणतात: लिरिक बॅरिटोन, काव्हालियर बॅरिटोन, कॅरेक्टर बॅरिटोन, हेल्डन बॅरिटोन. तुम्ही कुठल्या फाखात बसता त्यावर तुम्हाला कुठले रोल लागू शकतात हे ठरतं. कोरियन मुलांचा नेहमीचा घोळ इथे होतो, आवाज मोठा असतो, कोरियात सगळ्यांनी टाळ्या वाजवलेल्या असतात, म्हणून २७ व्या वर्षी रिगोलेत्तो आणि स्कार्पियासारखे मोठे, जड रोल घेऊन येतात. गातात जबरदस्त. पण पॅनलमधल्या माणसाला पुढच्या सीझनला मोत्झार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधला पापागेनो पाहिजे असतो, 'बोहेम'मधला शोनार पाहिजे असतो, 'कार्मेन'मधला मोरालेस पाहिजे असतो. २७ वर्षांच्या पोराला रिगोलेत्तो कोण देणार.

म्हणून यादी अशी करा की तुमच्या वयाला जो रोल मिळू शकतो त्याचीच आरिया असेल. मोत्झार्ट पाहिजेच, बहुतेक जण 'फिगारो'मधल्या काउंटची आणतात, ती चांगली पण खडतर, शेवटी ट्रिपलेटची धाव आणि वरचा एफ शार्प, दमलेल्या गळ्याने सकाळी साडेदहाला उघडा पडतो माणूस. एक जर्मन, 'टानहॉयझर'मधलं संध्यातारकेचं गाणं सगळे आणतात कारण ते वर जात नाही, पण त्यात सूर अखंड जोडत गाणं, म्हणजे लेगाटो, कच्चं असेल तर लपवता येत नाही. कोर्नगोल्डचं पिएरोचं गाणं गी-हूनमुळे आता प्रत्येक दुसरा कोरियन बॅरिटोन आणतो, आमच्या थिएटरात तर ते सुरू झालं की पॅनलमधले लोक एकमेकांकडे बघतात, त्याची तुलना कुणाशी होणार हे आधीच ठरलेलं असतं तर कशाला आणायचं? 'फाउस्ट'मधल्या व्हालेंटिनची फ्रेंच आरिया, दोनिझेत्तीचा बेलकोरे किंवा मालातेस्ता, आणि रशियन जमत असेल तर 'हुकुमाची राणी'मधल्या येलेत्स्कीची, एवढं असलं की चार भाषा, चार स्वभाव दाखवता येतात. 'बार्बर ऑफ सेव्हिल'मधलं 'लार्गो अल फाक्तोतुम' मात्र फारच भारी होत असेल तरच, ते सगळ्यांना पाठ आहे.

ऑडिशनला होतं असं की पहिली आरिया तुमच्या पसंतीची, दुसरी पॅनल मागतं, आणि दुसरी मागितली नाही तर समजून जायचं. पियानिस्टशी आधी प्रॅक्टिस नसते, दोन मिनिटं मिळतात त्यात टेंपो सांगायचा. कृपा करून नोटेशनची प्रत नीट आणा, पाठपोट, फाइलमधे, खालची ओळ झेरॉक्समधे कापली गेलेली नको. लोक लाख रुपये खर्च करून विमानाने येतात आणि डाव्या हाताच्या नोट्स गायब असलेली पानं माझ्यासमोर ठेवतात, मी काय मनाने वाजवू? आणि कट कुठे आहेत ते पेन्सिलने मारून आणा. कोरियन मुलं यात अगदी चोख असतात, शिवाय आत येताना आणि जाताना पियानिस्टला नमस्कार करतात, आमच्या डोक्यात ते राहतं, आणि कँटीनमधे पॅनल आम्हाला विचारतं बरं का, की वाजवताना कसा वाटला, ऐकून घेत होता की नुसता पळत होता.

भाषेचं तर काय सांगू. कोरियन माणसाला दोन-तीन व्यंजनं एकत्र आली की मधे बारीकसा स्वर येतो, आणि जर्मनमधे तर व्यंजनांचीच गर्दी. र-ल, फ-प, व-ब हेही त्यांना घासून बसवावं लागतं. बॅरिटोनला हे टेनरपेक्षा जास्त नडतं, कारण पापागेनो हा तरुण बॅरिटोनचा हक्काचा रोल आणि त्यात गाण्याइतकंच बोलणं आहे, जर्मन पोरंटोरं समोर बसलेली असतात शाळेच्या शोला, उच्चार चुकला की हसायच्या जागी हसत नाहीत आणि नको तिथे हसतात. गाताना छान जर्मन आणि बोलायला लागला की संपलं असे कितीतरी आवाज मी ऐकलेत. जे टिकले ते सगळे नाटकवाल्या कोचकडे जाऊन वेगळं बोलायला शिकलेले. आपलं र-ल-व बरं असतं, जोडाक्षरांची सवय असते, पण आपले ट आणि ड जीभ मागे वळवून येतात ते जर्मन कानाला लगेच टोचतात, आणि ऊम्लाउटवाले (ä, ö, ü) स्वर आपल्याला वाटतं तेवढे येत नसतात. प्रवेशाला जर्मनचं बी वन, बी टू पातळीचं सर्टिफिकेट मागतात ते कागदापुरतं झालं, रिहर्सलमधे डायरेक्टर चिडून भराभर बोलतो ते समजणं ही खरी परीक्षा.

हॉखशूलंनंतर दोन रस्ते, ऑपेरा स्टुडिओ किंवा थेट फेस्ट कॉन्ट्रॅक्ट. स्टुडिओ म्हणजे मोठ्या थिएटरातली दोन वर्षांची ट्रेनी जागा, स्टायपेंड थोडा, मोठ्या गायकांबरोबर छोटे रोल. फेस्ट म्हणजे महिन्याचा पगार, आरोग्य विमा, पेन्शन, आणि सीझनला सांगतील ते पाच-सहा-सात रोल. पगाराचं लोकांना फार कुतूहल, तर २०२३ मधे थिएटरवाल्यांचा सामूहिक करार सुधारला तेव्हा सुरुवातीचा किमान पगार टॅक्सच्या आधी महिन्याला २,७०० युरोच्या थोडा वर झाला, त्याआधी तर फारच लाजिरवाणा होता. छोट्या थिएटरात बरीच वर्षं किमानाच्या आसपासच राहतो माणूस. कंपनीत लागलेल्या आयटीवाल्या मित्राशी तुलना करायची असेल तर इथेच थांबा.

कॉन्ट्रॅक्ट एक-दोन वर्षांचं असतं आणि आपोआप वर्षाने वाढतं, पण पुढे ठेवायचं नसेल तर थिएटरने ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवायचं असतं. त्यामुळे ऑक्टोबरमधे प्रत्येक थिएटरात एक वेगळीच हवा असते, कँटीनमधे लोक हळू आवाजात बोलतात. कारण 'कलात्मक' असं दिलं की पुरतं. नवीन इंटेंडंट म्हणजे प्रमुख आला की तो आपली माणसं आणतो आणि अर्धे गायक एकदम जातात, तुम्ही चांगले गाता की नाही याचा तिथे प्रश्नच नसतो. पंधरा वर्षं झाली की काढता येत नाही, म्हणून चौदाव्या वर्षी काढतात. परदेशी गायकाला ह्यात व्हिसाही गुंतलेला, पोरं जर्मन शाळेत जायला लागलेली. जे हुशार असतात ते तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच दुसरीकडे गेस्ट म्हणून गायला लागतात, म्हणजे पत्र आलं तरी चार थिएटरांत नाव माहीत असतं. रातोरात कोणी आजारी पडला की फोन येतो, रोल तयार असेल तर ट्रेन पकडून जायचं आणि संध्याकाळी गायचं. असे फोन ज्याला येतात तो उपाशी राहत नाही. आमच्याकडच्या एका कोरियन बॅरिटोनकडे 'त्राव्हियाता'मधला जेर्मों, 'बोहेम'मधला मार्सेलो, 'बटरफ्लाय'मधला शार्पलेस आणि पापागेनो कधीही झोपेतून उठवलं तरी तयार असतात, आणि त्याचा आवाज काही फार असामान्य वगैरे नाही हे मी त्याच्या तोंडावर पण सांगेन.

कोरसबद्दल. जर्मनीतल्या कुठल्याही ऑपेराचा कोरस बघा, कोरियन चेहरे भरपूर दिसतील, आणि त्यातल्या निम्म्यांचा आवाज सोलोच्या तोडीचा असतो. कोरसची नोकरी प्रत्यक्षात बरीच सुरक्षित, पगार अनेकदा छोट्या थिएटरातल्या सोलो गायकापेक्षा चांगला, घराचं लोन मिळतं. कोरियात घरी सांगताना त्यांना जड जातं हे खरं, प्रोफेसर लोक तोंड वाकडं करतात. मला विचाराल तर ३३ व्या वर्षी दोन पोरं असताना कोरसची जागा घेणारा माणूस पराभूत वगैरे काही नाही, तो रोज संध्याकाळी ऑपेरा गातो आणि त्याचे पैसे घेतो. मात्र कोरसमधून सोलोकडे परत वळणं कठीण, एकदा तिकडचा शिक्का बसला की बसला.

रंगरूपाचा विषय टाळून चालणार नाही. पूर्व आशियाई बॅरिटोन म्हटलं की 'बटरफ्लाय'मधला यामादोरी आणि 'तुरांदोत'मधला पिंग हे रोल त्याच्याकडे चालत येतात, पण 'युजीन ओनेगिन'साठी डायरेक्टरला 'वेगळं काहीतरी' डोळ्यासमोर असतं. उघडपणे कोणी बोलत नाही. पूर्वीपेक्षा आता बरंच बरं आहे, मोठ्या थिएटरांत तर कोण कुठला हे लोक बघेनासे झालेत, छोट्या गावांत मात्र अजून जाणवतं. सॅम्युएल, फिलिप, अत्तिला (हा अत्तिला जुन, आणखी एक कोरियन बास) अशी नावं ह्या लोकांनी घेतली त्यामागे मला वाटतं हेही असावं, की उद्घोषकाला बोलता यावं आणि एजंटच्या लक्षात राहावं. हल्लीची पोरं, ते-हान किंवा गी-हून, आपल्याच नावाने गातात, मला ते आवडतं. आपल्या कुणाला आडनाव बदलायचा सल्ला मिळाला तर मी म्हणेन स्पेलिंग सोपं करा, नाव राहू द्या.

परत जायचं काय? कोरियात थिएटरं सुंदर आहेत, सोल आर्ट्स सेंटर आहे, देगूचं ऑपेरा हाउस आहे, प्रेक्षक तरुण आहेत, पण जर्मनीसारख्या पगारी सोलो जागा नाहीत. त्यामुळे परतणं म्हणजे बहुतेकदा प्रोफेसरकी. सॅम्युएल यूनला २०२२ मधे कोलोनने कामरझेंगर हा मानाचा किताब दिला आणि त्याच वर्षी तो सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकवायला गेला. अशा जागा मोजक्याच, आणि त्या मिळाव्यात म्हणून युरोपात मोठं नाव आधी लागतं.

आपल्याकडचं आता. दिल्लीचा बॅरिटोन डार्विन प्रकाश हॅनोव्हरच्या ऑपेरात होता, मुंबईचा ऑस्कर कॅस्टेलिनो लंडनला शिकून गातो, पॅट्रिशिया रोझारिओ तर मुंबईच्याच आणि त्या स्वतः भारतात येऊन मुलांना शिकवतात, तेव्हा अगदी कोणी नाही असं नाहीये. ज्यांच्या घरी वसईत, गोव्यात किंवा वांद्र्याला चर्चची कॉयर आहे त्यांना नोटेशन आणि चार आवाजांत गायची सवय आधीच असते, ती सोडू नका. शास्त्रीय गाणं शिकलेल्यांचा कान तयार असतो, सूर पक्का असतो, पण ऑपेरात माइक नाही, साठ-सत्तर वाद्यांवरून आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचा असतो आणि त्याचं तंत्र पूर्ण वेगळं, शिवाय लिहिलेलं आहे तेच गायचं, स्वतःची तान नाही. ख्याल दहा वर्षं शिकून मग इकडे वळलेली एक मुलगी मी ऐकली, संगीत अप्रतिम कळत होतं पण नोटेशन वाचताना बोट ठेवून अडखळत होती, त्याचीच तयारी पहिली करा. साइट रीडिंग, पियानोवर स्वतःची लाइन वाजवता येणं, इटालियन आणि जर्मन, हे पुण्या-मुंबईत बसून होतं, त्यासाठी व्हिसा लागत नाही. मुंबईच्या एनसीपीएला ऑपेरा किंवा मोठ्या कॉयरचा कार्यक्रम असला की जाऊन बसा, प्रत्यक्ष हॉलमधे माइकशिवायचा आवाज कसा लागतो ते फोनवर कळत नाही.

एजंटचं शेवटी. साधारण १० टक्के कमिशन घेतो, आणि ते काम मिळाल्यावर, आधी नाही. ऑडिशन लावून देतो म्हणून आधीच पैसे मागणारा कोणी भेटला, आणि कोरियन मुलांना असे भेटतात भरपूर, तर सरळ नाही म्हणा. सुरुवातीला खाजगी एजंटची गरजही नाही, जर्मन रोजगार खात्याची कलाकारांसाठी वेगळी शाखा आहे, झेडएव्ही, ते ऐकून घेतात आणि योग्य वाटलात तर थिएटरांना तुमचं नाव कळवतात, फुकट. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातच त्यांना मेल टाका, सीव्ही एका पानाचा, यादीत फक्त तेच रोल जे उद्या गाऊ शकता, आणि रेकॉर्डिंग घरातल्या हॉलमधलं नको, कुठलीतरी मोठी खोली आणि चांगला पियानो बघा.